शेतीचं अर्थशास्त्र आणि आईचं माहेर

बी.एस्सी. ॲग्रीचा निकाल लागला, मी पास झाले, आणि त्याचा आनंद आमच्या पोशीरच्या घरात जेमतेम एक संध्याकाळ टिकला. बाबांनी कर्जतहून पेढे आणले, आईने ते देवापुढे ठेवून आळीत वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बाबांनी विचारलं, "मग आता पुढं काय?" त्यांनी सहजच विचारलं होतं. मी म्हटलं, एम.एस्सी. करते, कृषी अर्थशास्त्रात. बाबा म्हणाले, "म्हंजे काय शिकवतात त्यात?" तिथे मी अडकले. चार वर्षांत माती, किडी, खतं, फळबागा असं खूप काही शिकले होते. त्यात एकच विषय असा होता की ज्याचा तास संपू नये असं वाटायचं. पीक चांगलं आलं की भाव का पडतो, ज्याला परवडत नाही तोही भात का लावतो, असले प्रश्न त्यात असायचे. पण हे बाबांना कसं सांगायचं ते मला सुचेना. "शेतीचा हिशोब," असं काहीतरी मी पुटपुटले. बाबांनी मान हलवली आणि पहिली पाळी गाठायला मोटारसायकल काढली. ते खालापूरजवळच्या एका कारखान्यात होते. शेतीचा हिशोब शिकायला आणखी दोन वर्षं कशाला लागतात, हे त्यांच्या चेहऱ्यावर तेवढ्यात दिसून गेलंच.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं, पण तेव्हा रडू यायचं. कॉलेजातले आमचे सर म्हणत होते की एम.एस्सी.च कर, प्रबंध लिही, तुला पुढे शिकवता येईल, संशोधन करता येईल. कुंभिवलीचा रघूमामा म्हणत होता की एम.बी.ए. कर, शेतीव्यवसायाचं, कारण हायवेवर रोज नव्या कंपनीची पाटी लागते आणि त्यांना असली माणसं लागतात. माझी मैत्रीण मुंबईच्या एका कॉलेजात साध्या अर्थशास्त्रात एम.ए. करायला निघाली होती. ती म्हणायची, शेतीत अडकून पडू नकोस, नुसतं अर्थशास्त्र घे म्हणजे सगळे रस्ते मोकळे. बाबांच्या मते या सगळ्यापेक्षा बँकेची नाहीतर कृषी अधिकाऱ्याची परीक्षा बरी. मी कर्जतच्या सायबर कॅफेत बसून प्रत्येक अभ्यासक्रमाची पानं वाचायची आणि घरी येईपर्यंत कुठल्यात काय होतं ते विसरायची. सरांनी एकदा समजावलं की एकात शेतकऱ्याच्या बाजूने बाजाराकडे बघायचं असतं आणि दुसऱ्यात बाजाराच्या बाजूने शेतकऱ्याकडे. मला ते फार आवडलं. पण एसटीत बसल्यावर लक्षात आलं की यातलं कुठलं एम.एस्सी. आणि कुठलं एम.बी.ए. हेच मी विसरले होते.

आज मी हाच विषय शिकवते. दर पावसाळ्यात कोणीतरी मुलगी माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून मला तोच गोंधळ सांगते. मी तिला नीट, मुद्देसूद उत्तर देते: प्रबंध लिहायचा असेल तर हे घे, कंपनीत जायचं असेल तर ते घे, गणिताची भीती नसेल तर आणखी तिसरं आहे. उत्तर बरोबरच असतं. पण ती उठून गेली की मला वाटतं, मी स्वतः काही अशा उत्तरावरून ठरवलं नव्हतं.

आमचं घर गावाच्या कडेला होतं, पुढे पत्र्याची पडवी आणि मागे म्हशीचा गोठा. पाऊस सुरू झाला की पत्र्यावर इतका आवाज व्हायचा की आत बोलायचं तर एकमेकांच्या जवळ जाऊन बोलावं लागे. चुलीजवळ सुकायला टाकलेले कपडे, तांदळाच्या भाकरीचा वास, टाकळ्याची भाजी, कधी ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा, आणि मागे म्हशीचं फुसफुसणं. आई पहाटेपासून या सगळ्यात फिरत असायची. ती फारसं बोलायची नाही. भाकरी थापताना मात्र स्वतःशीच पुटपुटायची, कुठल्या खाचरात पाणी किती, बांध कुठे फुटलाय, वाडीतल्या बाया कधी येणार. बाबा पाळीवरून आले की शेतावर एक चक्कर मारत आणि आल्यावर सांगत, आज अमुक झालं, तमुक राहिलं. जे झालेलं असे ते आईने केलेलं असे, पण सांगत बाबा, आणि आम्हा कुणालाच त्यात काही खटकत नव्हतं. गावात विचारलं असतं तर सगळ्यांनी सांगितलं असतं की शेती बाबा करतात.

माझा गोंधळ बघून सरांनी एक युक्ती काढली. विद्यापीठातून कदम मॅडम म्हणून एक संशोधक आमच्या भागात येणार होत्या. त्या पीएच.डी. करत होत्या आणि भातशेतीला खरा खर्च किती येतो याची पाहणी करत होत्या. सर म्हणाले, त्यांच्याबरोबर फिर, म्हणजे विषय आतून कसा असतो ते कळेल. मी त्यांना चार-पाच घरं दाखवली आणि मग आपलं घर दाखवायला नेलं. त्या माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. गमबूट घालून चिखलातून येताना दोनदा घसरल्या होत्या आणि तरी हसत होत्या. बाबा त्या दिवशी घरी होते. त्यांनी स्वच्छ सदरा घातला, पडवीत खुर्ची मांडली. आई आत चहा करत होती.

मॅडम विचारत गेल्या. बियाणं कुठलं, खत किती, मजूर किती लागतात. बाबा ऐटीत उत्तरं देत होते, आणि जिथे ठाऊक नव्हतं तिथे आत बघून "काय गं?" म्हणत होते, मग आई आतून सांगायची आणि बाबा तेच पुन्हा मॅडमना सांगायचे. मग मॅडम म्हणाल्या की घरातल्या माणसांचं कामही खर्चात धरायचं असतं, कारण तुम्ही दुसऱ्याकडे गेला असतात तर तुम्हाला मजुरी मिळाली असती. बाबांना ते विचित्र वाटलं. स्वतःच्या शेतात कोण मजुरी घेतो, असं ते म्हणाले. तरी त्यांनी आपलं सांगितलं, सुट्टीच्या दिवशी, पाळीच्या आधी, पाळीनंतर. मॅडमनी विचारलं, "आणि काकू?"

"ती नाय," बाबा म्हणाले. "ती घरीच असते."

आई तेव्हा चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने कप ठेवले. मॅडमना बशीत बिस्किटं दिली, आणखी साखर हवी का विचारलं, आणि आत गेली. मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मी तेव्हा या विचारात होते की स्वतःच्या कामाची मजुरी स्वतःलाच लावायची ही कल्पना किती छान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कामावर गेल्यावर आईने म्हशीची धार काढली, भाकऱ्या करून टोपल्यात झाकून ठेवल्या, ठेवणीतली साडी नेसली, पिशवी आणि छत्री घेतली आणि म्हणाली, "मी दादाकडं चालले." दादा म्हणजे रघूमामा. मी विचारलं, काय झालं, मामीला बरं नाही का? ती म्हणाली, सगळी बरी आहेत. कधी येशील, तर म्हणाली, "बघू." लावणी तोंडावर आली होती. राबातली, म्हणजे भाजलेल्या वाफ्यातली रोपं, आमच्याकडे त्यांना आवण म्हणतात, उपटायला झाली होती. त्या दिवसांत आई सख्ख्या भावाच्या घरच्या बारशालाही गेली नसती. मी पडवीत उभी राहून तिला नेरळच्या रस्त्याने जाताना बघत राहिले आणि मला काही म्हणजे काही उमगेना.

बाबा आल्यावर त्यांनाही उमगलं नाही. त्यांनी मामाला फोन केला. मामा म्हणाला, हो, आली आहे, मस्त भाकऱ्या थापतेय, गिऱ्हाईक खूश आहे. मामाची हायवेला लागून खाणावळ होती. ट्रकवाले आणि कारखान्यातले कामगार जेवायला येत. बाबांना वाटलं मीच तिला काही बोलले. मला वाटलं, मी दूरच्या विद्यापीठात जाणार म्हणून ती रुसली. आम्ही दोघं एकमेकांवर संशय घेत, आईने केलेल्या भाकऱ्या खात बसलो. त्या संपल्यावर मी भात लावला आणि तो खालून करपला.

बाबांनी रजा घेतली आणि लावणीला हात घातला. वरच्या ठाकरवाडीत जाऊन ते बायांना बोलवून आले, पण सकाळी त्यातल्या मोजक्याच आल्या. हिराबाई म्हणून त्यांची म्होरकी होती. तिने विचारलं, वहिनी कुठाय, आम्ही तिला शब्द दिला होता. मग कुठलं आवण आधी उपटायचं यावर घोळ झाला, कारण राबात दोन जातींचं बी पेरलेलं होतं आणि कुठलं कुठे ते आईच्या डोक्यात होतं. बाबांनी एका खाचरात काहीतरी लावलं आणि मग बांधावर बसून राहिले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. कारखान्यात एवढाल्या यंत्रावर उभा राहणारा माणूस, आणि हातात रोपांची मूठ घेऊन, ही कुठल्या जातीची, एवढंच बघत बसलेला.

मग बाबांनी मला आईला आणायला पाठवलं. कर्जतपर्यंत एसटी, पुढे चौक गावापर्यंत दुसरी, आणि तिथून हायवेवर रिक्षा. कुंभिवलीला उतरले तेव्हा ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याने माझी सलवार चिखलाने भरली होती. खाणावळीच्या मागच्या बाजूला आई पाटावर बसून भाकऱ्या थापत होती. समोर मोठा तवा, शेजारी मामी मासे तळत होती, रेडिओ लावलेला. आई हसत होती. मी तिला घरी येण्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, आधी जेव. मी जेवले. वालाचं बिरडं होतं आणि सुकटीची चटणी. मामा तेवढ्यात येऊन मला पुन्हा एम.बी.ए.बद्दल सांगून गेला. समोरच्या गोदामाचा साहेब रोज इथे जेवायला येतो, तो म्हणतो शेतमालाचं शिकलेली मुलगी लगेच घेतील. मी हो हो म्हणत राहिले.

मामा गेल्यावर मी आईला विचारलं, मी लांब जाणार म्हणून चिडलीस का? तिने तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कुटं बी जा गं. मला त्याचं काय नाय."

"मग?"

"मी घरीच असते म्हनं. मग घरीच बसायचं तर हितं काय आनि तितं काय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, बाबांचा तसा अर्थ नव्हता, ते आपलं विचारलं म्हणून बोलून गेले. आई म्हणाली, "म्हाईत हाय मला त्यांचा अर्थ. वाईट नाय बोलले ते. त्यांना तसंच वाटतं, त्याचाच तर राग आला." आणि मग म्हणाली, "त्या बाईनं मला इचारलं पन नाय. मी उंबऱ्यात उबी होते." पीठ संपलं होतं, ते घ्यायला उठली.

मी एकटीच परत आले. बाबांना मी जसंच्या तसं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते चिडले नाहीत. पडवीतून उठले, गोठ्यात जाऊन आले, पुन्हा बसले. एकदा म्हणाले, मी काय खोटं बोललो का. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, खोटंच की. दुसऱ्या दिवशी सकाळी रेनकोट चढवून त्यांनी मोटारसायकल काढली आणि मला मागे बसायला सांगितलं. एकट्याने जायला त्यांना संकोच वाटत असावा.

खाणावळीत बाबा गिऱ्हाइकासारखे बाकावर बसले. मामाने पाणी आणून ठेवलं आणि तो शहाणपणाने बाहेर निघून गेला. चहा आईनेच आणला. बाबांनी अर्धा चहा संपवला. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती, ती कशी मागायची असते हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. ते म्हणाले, "वरच्या खाचरात काय लावायचं ते मला ठावं नाय. आवण पिवळं पडाया लागलं. तू सांग, तसं करतो."

आई म्हणाली, "सांगून नाय व्हायचं ते."

"मग चल."

"येते," ती म्हणाली. "पन त्या बाईला परत बोलवा. मला इचारू दे तिला काय इचारायचं ते."

आम्ही त्याच दिवशी परतलो. बाबा मोटारसायकलवर, आणि तिच्यावर तिघांना जागा नव्हती म्हणून आई आणि मी एसटीने. पुढचे काही दिवस लावणीत कुणीच मान वर केली नाही. वाडीतल्या सगळ्या बाया आल्या. बाबांनी चुकीचं लावलेलं खाचर आईने तसंच ठेवलं. उपटलं तर रोपं मरतील म्हणाली. त्या वर्षी त्या एका खाचरात मिसळीचं भात झालं आणि आम्ही ते घरी खाल्लं.

कदम मॅडम पुन्हा आल्या. मी त्यांना आधी सगळं सांगितलं होतं आणि त्या फार ओशाळल्या होत्या. या वेळी खुर्चीवर आई बसली आणि बाबा उंबऱ्यापाशी. मॅडमनी विचारलं, काकू, लावणीच्या दिवसांत शेतात किती तास जातात? आई विचारात पडली. म्हणाली, सकाळी बायांसाठी भाकऱ्या करते ते शेतातलं धरायचं का घरातलं? मॅडम म्हणाल्या, मजुरांसाठी असेल तर शेतातलं. पण त्यातल्याच भाकऱ्या ही पोरगी खाते, आई म्हणाली. म्हशीचं शेण शेतात जातं, दूध घरात येतं; मग म्हशीचं काम कुठं? बांधावर बसून पाणी राखते तेव्हा मी तांदूळ निवडत असते. तिला खरंच माहीत नव्हतं. ती मॅडमना अडवायला विचारत नव्हती. मनापासून तास शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हते. एकदा तर तिने इतका मोठा आकडा सांगितला की बाबा हसले, आणि मग तीही हसली आणि म्हणाली, नाही, एवढं नसेल, पण कमी पण नसेल.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी वाट बघत होते की आता त्या विषयाच्या माणसासारखं काही तरी ठाम सांगतील. त्या म्हणाल्या, "खरं सांगू का काकू, हे कसं धरायचं ते मलाही नीट कळलेलं नाही. आमच्यातल्या मोठ्या लोकांनाही नाही. भांडणं चालू आहेत अजून."

आईला याचं फार आश्चर्य वाटलं. एवढं शिकून? तिने विचारलं. मॅडम हो म्हणाल्या. आणि मग त्या दोघी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या, पहाटेच्या धारेपासून, एकेक काम घेऊन, हे इकडे की तिकडे असं बोलत. पावसाचा आवाज वाढला तशी मॅडमनी आपली खुर्ची आईच्या जवळ ओढली. मी पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होते. गेले कित्येक आठवडे मला वाटत होतं की हा विषय घ्यायचा तर आधी आपला गोंधळ मिटला पाहिजे. ज्यांना सगळं स्वच्छ दिसतं अशीच माणसं हे शिकत असणार. आणि इथे ही बाई पीएच.डी.पर्यंत जाऊन माझ्या आईइतकीच गोंधळली होती, आणि त्याची तिला लाज नव्हती. उलट तिचे डोळे चमकत होते. मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं. कुठली पदवी, तिचा पुढे उपयोग काय, याचा विचार मी त्या दुपारी केलाच नाही.

मी एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा दिली आणि मला जागा मिळाली. मामा थोडे दिवस नाराज होता. माझी मैत्रीण मुंबईत रमली. मला शिकवायची नोकरी लागेपर्यंत बाबा बँकेच्या परीक्षांच्या जाहिराती कापून ठेवत राहिले, आणि मलाही कितीदा तरी वाटलं की एम.बी.ए. केलं असतं तर बरं झालं असतं. विद्यापीठात पहिल्या सत्रात संख्याशास्त्राने मला इतकं छळलं की परत यायचे विचार यायचे. आजही कोणी मला विचारलं की तुम्ही बरोबर निवडलंत का, तर मी थोडी घुटमळते. दुसऱ्या रस्त्यांनी गेलेली माणसंही चांगली जगताना दिसतात.

जायच्या दिवशी बाबांची पाळी होती, म्हणून कर्जतच्या स्टँडवर मला सोडायला आई आली. पाऊस ओसरला होता. माझी ट्रंक दोघींच्या मध्ये, तिच्यावर आईने बांधून दिलेलं लाडवांचं गाठोडं. गाडीला उशीर होता. शेजारी बाकावर खालापूरकडची एक बाई बसली होती, मांडीवर नातू. तिने ट्रंकेकडे बघून आईला विचारलं, मुलगी शिकायला चालली वाटतं, काय शिकते?

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात तिनेच उत्तर दिलं.

"तिचं तिलाच अजून ठावं नाय," आई म्हणाली. "म्हनून तर चाललीय."

त्या बाईला ते पटल्यासारखं दिसलं. गाडी लागली, तेव्हा ट्रंकेची एक कडी तिनेही धरली.